कयाक, तिथी आणि खारा वारा

कोकणच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यावर गेल्या काही वर्षांत लांबट, निमुळत्या, रंगीत प्लॅस्टिकच्या होड्या दिसू लागल्या आहेत. एक किंवा दोन माणसं बसतील एवढी होडी आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं. हिला कयाक म्हणतात. शाळेची सहल तारकर्ली-देवबागला गेली, तर मुलं आधी हिच्याकडे धावतात. सकाळी आठ वाजता कार्ली नदीच्या संथ पाण्यात दहा वर्षांचं मूलही ती वल्हवू शकतं. त्याच होडीत, त्याच नदीच्या मुखाशी, दुपारी तीन वाजता पट्टीचा पोहणाराही अडचणीत येऊ शकतो. बरं, हे सगळ्या दिवशी सारखं नसतं. अष्टमीची दुपार वेगळी, पौर्णिमेची वेगळी.

आम्ही दोघं मित्र हिवाळ्यात दोन कयाक घेऊन समुद्रात जातो. दिवस ठरवताना भिंतीवरच्या कॅलेंडरात लाल रंगाची सुट्टी नंतर पाहतो, तिथी आधी. बघणाऱ्याला वाटतं, मुहूर्त काढताहेत. एका अर्थानं तो मुहूर्तच असतो, पण तो शाळेतल्या गणितानं आणि भूगोलानं काढता येतो. तो कसा काढायचा, आणि समुद्रात जाताना एकट्यानं न जाता दोघांनी का जायचं, हे इथे सांगायचं आहे.

आधी होडीकडे पाहू. कयाक मूळची आर्क्टिक प्रदेशातली. ग्रीनलंडपासून अलास्कापर्यंतच्या इन्युइट आणि अल्युट लोकांनी समुद्रातून वाहून आलेल्या लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ती बनवली. शिकारीसाठी बनवली, मौजेसाठी नव्हे. शिकाऱ्याला आवाज न करता सीलजवळ जायचं असे, म्हणून होडी अरुंद आणि बुटकी. आजची समुद्रातली कयाकही साधारण पाच मीटर लांब आणि ५५ ते ६० सेंटिमीटर रुंद असते. पर्यटकांना देतात ती आखूड आणि रुंद असते, आणि माणूस तिच्या आत न बसता वर बसतो.

लांबीचा संबंध वेगाशी आहे. पाण्यातून चालणारी होडी स्वतःची एक लाट तयार करते. खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या लांबीवर ठरतो: लांबीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ काढून त्याला १.२५ नं गुणलं, की वेग मीटर दर सेकंदात मिळतो. होडीनं केलेली लाट होडीइतकी लांब झाली, की पुढचं टोक एका उंचवट्यावर आणि मागचं टोक दुसऱ्यावर, अशी ती अडकते. याहून जोरात जायचं म्हणजे स्वतःच उभी केलेली चढण चढायची. पाच मीटर लांबीच्या होडीसाठी हिशेब केलात तर २.८ मीटर दर सेकंद, म्हणजे ताशी १० किलोमीटर येतील. ही झाली ढोबळ कमाल मर्यादा. तासन्‌तास वल्हवणारा साधा माणूस ताशी पाच-सहा किलोमीटरच जातो, म्हणजे भरभर चालणाऱ्याइतका. हा आकडा लक्षात ठेवायला हवा. समोरून ताशी तीन किलोमीटरचा प्रवाह आला तर आपली निम्मी कमाई गेली. वर समोरचा वारा आला तर उरलेलीही जाते. समुद्रात ताकदीनं वेळ भरून काढता येत नाही. ती आधीच निवडावी लागते.

पाऊणकीनं भरती

भरतीची वेळ काढायची एक जुनी रीत मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर अनेकांना तोंडपाठ असते. तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. शुद्ध पक्ष असो वा वद्य, मोजणी तीच. पूर्ण भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी.

यामागचं कारण भूगोलाच्या पुस्तकात आहे. चंद्र पृथ्वीभोवती फिरत रोज थोडा पुढे सरकतो, म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. तिथी दिवसापेक्षा सरासरीनं थोडी लहान असते. पंधरा तिथींत भरतीची वेळ बरोबर बारा तास सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. तिथीमागे तीन मिनिटांची चूक, ती साठत जाते. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा येतात, आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला एकदम पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. रोज पाऊण तासानं चालणारं घड्याळ एका रात्रीत दीड तास उडी मारतं! ही उडी मुलांना स्वतः सापडू द्यावी. पाऊणपटीऐवजी चार-पंचमांश घेतले तर पौर्णिमेला नेमके बारा येतात आणि उडी नाहीशी होते. मग जुन्या लोकांनी चार-पंचमांश का नाही घेतले? आमचा अंदाज असा, की पाऊणकी शाळेत पाठ करून घेत. चार-पंचमांशाचा पाढा कुणाला येत होता?

या रीतीवर जीव टांगू नये हे मात्र खरं. रोजचा उशीर सारखा नसतो: उधाणाच्या सुमारास तो ५० मिनिटांपेक्षा कमी असतो, भांगाच्या सुमारास बराच जास्त. दिवसातल्या दोन भरत्याही आपल्या किनाऱ्यावर सारख्या उंचीच्या नसतात. शिवाय खाडीत आत जाल तसतशी भरती उशिरा पोचते. नेमकी वेळ आणि उंची हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरती-ओहोटीचे तक्ते पाहावेत. पण महिनाभर आधी सहल ठरवताना पाऊणकीनं तासाभराच्या फरकानं जे कळतं, तेवढं पुरतं.

वेळेइतकंच महत्त्वाचं आहे ते पाणी कधी किती जोरात सरकतं हे. भरती-ओहोटीचे सहा तास सारखे नसतात. पाण्याच्या एकूण चढउताराचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक, असा ढोबळ नियम खलाशी वापरतात. गोव्याच्या आणि दक्षिण कोकणच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. हिशेबाला सोपं जावं म्हणून २.४ मीटर धरा. पहिल्या तासात २० सेंटिमीटर, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात ६०-६०. म्हणजे या मधल्या दोन तासांत खाडीतलं निम्मं पाणी मुखातून बाहेर पडतं. मुख जितकं अरुंद तितका प्रवाह जोराचा. मुंबईच्या उत्तरेला हा फरक वाढतच जातो. भावनगरला तो दहा मीटरच्या घरात आहे, आणि तिथे कयाक घालायची आमची तरी तयारी नाही.

दोन घड्याळं

पाण्याचं घड्याळ चंद्रावर चालतं. किनाऱ्यावर दुसरंही एक घड्याळ आहे. ते सूर्यावर चालतं आणि कधी मागेपुढे सरकत नाही. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा. सूर्य वर आला की जमीन तापते, साधारण अकरा-बाराच्या सुमारास वारा उलटतो आणि समुद्राकडून जमिनीकडे येऊ लागतो. हा खारा वारा. पावसाळा सोडला तर कोकणात तो बहुधा वायव्येकडून येतो आणि दुपारी दोन ते चारच्या दरम्यान सर्वांत जोरात असतो. पाठ्यपुस्तकात या दोन वाऱ्यांची आकृती असते, मुलं ती काढतात आणि गुण मिळवतात. त्या आकृतीत भरती-ओहोटी घालायचं कुणाला सुचत नाही.

आपण घालून पाहू. पौर्णिमा किंवा अमावास्या घ्या. भरती दुपारी बाराच्या सुमारास. ओहोटी बारा ते सहा. तिचे सर्वांत जोराचे तास, तिसरा आणि चौथा, म्हणजे दुपारी दोन ते चार. आणि दिवसही उधाणाचा, म्हणजे महिन्यातला सर्वांत मोठा चढउतार. खाडीचं पाणी पूर्ण जोरात समुद्राकडे निघालेलं असताना, नेमक्या त्याच वेळी, खारा वारा पूर्ण जोरात लाटा घेऊन खाडीकडे येतो. हा एखाद्या दिवसाचा योगायोग नाही. आपल्या किनाऱ्यावर उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्रीच येते, त्यामुळे दर पौर्णिमेला आणि दर अमावास्येला ही टक्कर होणारच.

लाट आणि प्रवाह समोरासमोर आले तर काय होतं? टोलनाक्याकडे येणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोर आणा. मिनिटाला दहा गाड्या येत आहेत. पुढे वेग कमी झाला तरी मिनिटाला दहाच गाड्या यायच्या आहेत, म्हणून त्यांच्यातलं अंतर कमी होतं. लाटांचंही तसंच. मिनिटाला किती लाटा येतात ते बदलत नाही, पण विरुद्ध प्रवाह त्यांना मागे रेटतो, त्या जवळजवळ येतात, आणि त्यांच्यातली ऊर्जा कमी जागेत कोंबली गेल्यानं उंच होतात. लांबी कमी, उंची जास्त, म्हणजे उतार उभा. दर तीन सेकंदांनी येणारी लाट घेतली, तर खोल पाण्यात ती सुमारे १४ मीटर लांब असते आणि ताशी १७ किलोमीटर वेगानं जाते. पण तिला थोपवायला ताशी १७ किलोमीटरचा प्रवाह लागत नाही. त्याच्या चौथाई, म्हणजे ताशी चार-सव्वाचार किलोमीटरचा विरुद्ध प्रवाह पुरतो. लाट तिथेच उभी राहून फुटते. त्यात खाडीच्या मुखाशी वाळूचा उंचवटा असतो. तिथे पाणी उथळ, म्हणून लाटा आणखी चढतात.

माघातल्या एका पौर्णिमेला आम्ही हे देवबागच्या टोकाला वाळूवर बसून पाहिलं. समोर भोगवे, डाव्या हाताला नदी, उजव्या हाताला समुद्र. अकरा वाजता मुख इतकं शांत होतं, की दोन पर्यटक होड्या उभ्या करून फोटो काढत होते. दीडच्या सुमारास मुखावर पांढरी रेघ दिसू लागली. अडीचला त्या रेघेच्या तीन-चार ओळी झाल्या. लाटा पुढे सरकतच नव्हत्या. जागच्या जागी उठत होत्या आणि कोसळत होत्या. गंमत म्हणजे दोन-तीनशे मीटर उत्तरेला, जिथे नदीचा प्रवाह पोचत नव्हता तिथे, तोच वारा असूनही समुद्र नुसता खवळल्यासारखा होता, फुटत नव्हता. जवळ जाळं दुरुस्त करत बसलेल्या काकांना आम्ही विचारलं. इथे पाणी उभं राहतं, म्हणाले, पुनवेला दोनच्या आत होड्या आत घ्यायच्या. त्यांना यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नव्हतं.

आता अष्टमी घ्या. भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, पूर्ण ओहोटी दुपारी बाराला, आणि भांगाचे दिवस असल्यानं प्रवाह मुळातच सौम्य. सकाळी ओहोटी आणि मतलई वारा दोन्ही बाहेर नेतात. बारानंतर भरती आणि खारा वारा दोन्ही आत आणतात. घड्याळं जुळली! म्हणून आम्ही सप्तमी ते नवमी शोधतो. या दिवसांची एकच खोड आहे. सकाळी वारा आणि पाणी दोन्ही पाठीमागून असतात, त्यामुळे आपण फार छान वल्हवतो असं वाटत राहतं. किनाऱ्याजवळ मतलई वाऱ्याला लाट उठवायला अंतरच मिळत नाही, पाणी काचेसारखं दिसतं. जसजसं बाहेर जावं तसतशा लाटा वाढतात. मागे वळून पाहिलं तेव्हा माड काड्यांसारखे दिसतात. त्या वेळी परतायचं ठरवलं तर दोन्ही समोरून. म्हणून अशा सकाळी आम्ही दर दहा मिनिटांनी होडी वळवून चार वल्ही उलटी मारून पाहतो, आणि किती जड जातं त्यावर पुढचं ठरवतो.

पौर्णिमेला जाऊच नये असं नाही. पहाटे सहाच्या ओहोटीनंतर निघावं, भरतीबरोबर अकराच्या आत खाडीत परत यावं. पण तेव्हा दुपारचा बेत करू नये.

दुसरी होडी

आता मित्राबद्दल. सोबत गप्पांना हवी हे खरंच, पण समुद्रात दुसरी होडी हे एक उपकरण आहे.

इन्युइट शिकारी उलटलेली कयाक आत बसल्या बसल्या वल्ह्याच्या फटक्यानं पुन्हा सुलटी करत. ज्या मोजक्या युरोपीय लोकांनी ही विद्या आधी शिकली, त्यात गिनो वॉटकिन्स हा इंग्रज संशोधक होता. १९३०-३१ च्या ग्रीनलंड मोहिमेचा तो प्रमुख. १९३२ च्या ऑगस्टमध्ये, २५ वर्षांचा असताना, तो पूर्व ग्रीनलंडमध्ये एकटाच सीलच्या शिकारीला कयाकमधून गेला. कयाक उलटी तरंगताना सापडली. तो सापडला नाही.

आपल्याकडे पाणी बर्फासारखं नसतं, २७-२८ अंशांचं असतं, तेव्हा गारठून मरण्याचा प्रश्न नाही. प्रश्न वेगळे आहेत. आत बसायची कयाक उलटली की बसायच्या जागेत शंभर-दीडशे लिटर पाणी शिरतं, म्हणजे शंभर-दीडशे किलो वजन. पाण्यात पोहत असलेला माणूस ते उपसू शकत नाही, कारण त्याच्या पायाखाली काही नाही. तो जेवढं वर ढकलेल तेवढा स्वतः खाली जाईल. न्यूटनचा तिसरा नियम शिकवायला याहून चांगलं उदाहरण आम्हांला माहीत नाही. मित्र मात्र स्वतःच्या होडीत बसलेला असतो, आणि त्या होडीला पाण्याचा आधार असतो. तो उलट्या होडीचं टोक धरून आपल्या होडीवर आडवं ओढतो. पाणी ओघळून जातं. मग ती सुलटी करून शेजारी समांतर घेतो आणि घट्ट धरून ठेवतो, आणि पडलेला माणूस मागच्या बाजूनं चढतो. सराव असला तर सगळं दोन-तीन मिनिटांत होतं. सराव शांत, कमरेइतक्या पाण्यात करावा, आणि दर मोसमाच्या सुरुवातीला पुन्हा करावा. वर बसायची कयाक उलटली तर पाणी उपसायचा प्रश्न नसतो, पण लाटांत तिच्यावर चढताना कुणीतरी ती धरलेली असेल तर फरक कळतो. एकटा माणूस पडला आणि होडी हातातून सुटली तर रिकामी होडी वाऱ्यानं त्याच्या पोहण्यापेक्षा वेगानं जाते. म्हणून पहिला नियम, होडी सोडायची नाही.

दोन होड्या शेजारी धरल्या की त्या इतक्या स्थिर का होतात? होडीचं डुलण्याला प्रतिकार करणं पाण्यावरच्या रुंदीच्या घनावर अवलंबून असतं. रुंदी दुप्पट, स्थैर्य आठपट. ६० सेंटिमीटरच्या दोन होड्या चिकटून धरल्या की १२० सेंटिमीटरचा तराफा होतो. माणसं दुप्पट झाली तरी स्थैर्य आठपट. आपल्या कोळ्यांच्या छोट्या होडीला बाजूला काही अंतरावर उलांडी बांधतात, ती याच कारणासाठी. वर्गात पाण्याची एक रिकामी बाटली बादलीत आडवी तरंगवा आणि तिच्यावर खडू ठेवायचा प्रयत्न करा. नंतर दोन बाटल्या रबरबँडनं जोडून ठेवा.

मित्र जवळ असला तरच उपयोगाचा, हे सांगायला नको असं वाटेल. पण समुद्रात अंतर फसवतं. बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून पाऊण मीटरवर असतात. उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ काढून ३.५७ नं गुणलं की क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं: इथे जेमतेम तीन किलोमीटर. हे सपाट पाण्यावर. मीटरभर उंचीच्या लाटा असतील तर दोघंही खळग्यात असताना पन्नास मीटरवरचा मित्रही दिसत नाही. म्हणून आम्ही हाकेच्या अंतरात राहतो, संथ चालणारा पुढे, आणि दोघांपैकी कुणीही "परत" म्हणालं की कारण न विचारता वळायचं. कारण किनाऱ्यावर चहा पिताना विचारता येतं. अंगात तरंगजाकीट, गळ्यात शिट्टी, जलरोधक पिशवीत फोन, दोघांना पुरेल त्याहून जास्त पिण्याचं पाणी, आणि कुठे जाणार व किती वाजता परतणार हे गावातल्या एका माणसाला सांगून ठेवलेलं. समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे. निघण्यापूर्वी हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा उंच लाटांचा इशारा पाहावा, कारण दूरच्या वादळाची लाट ना पाऊणकीला कळते, ना खाऱ्या वाऱ्याला.

सहलीचा विचार नसलेल्या, समुद्रापासून दूरच्या शाळांतही यातलं बरंच करता येईल. मुंबईच्या भरतीच्या वेळांचा एका महिन्याचा तक्ता मिळवा. शेजारी रोजची तिथी लिहा, तिच्या शेजारी पाऊणकीनं आलेली वेळ, मग चार-पंचमांशानं आलेली, आणि दोन्हींचा तक्त्याशी फरक काढून आलेख काढा. फरक कोणत्या तिथींना सर्वांत जास्त येतो आणि कोणत्या पक्षात पुन्हा तसाच येतो, ते मुलांना शोधू द्या. आलेख पौर्णिमेपाशी थांबवू नका, प्रतिपदेच्या पुढे किमान चार दिवस न्या.